मांजरीची पाठवणी

लोणंदला बाजाराच्या मागं आमची एकच खोली होती. वर पत्रा, खाली सारवलेली जमीन आणि मधोमध कापसाचा ढीग. त्या खोलीत माणसांपेक्षा कापसाला जास्त जागा होती, हे मी काही कौतुकानं सांगत नाही. अब्बा गाद्या भरायचे. खांद्यावर कापूस पिंजायचं पिंजण अडकवून सायकलवरून गावोगाव जायचे. लग्नसराईत हाताला काम असायचं. पावसाळ्यात कापूस ओल धरायचा, मग सायकलही दाराशी आणि अब्बाही दाराशी. त्या महिन्यांत अम्मा लोकांच्या गोधड्या शिवायची आणि आम्ही भावंडं भाकरी चहात बुडवून खायचो. कालवणाला दुसरं काही नसायचं. अम्माला सतत खोकला. कापसाचे तंतू तिच्या केसात, पापण्यांवर, पिठाच्या डब्यातसुद्धा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, “तू आलीस की म्हातारी उडाल्यागत वाटतंय.” मी तिच्या अंगावर आणखी फुंकर मारायची.

घरातली बोली म्हणजे दख्खनी आणि साताऱ्याकडची मराठी यांची सरमिसळ. अम्माचं माहेर जत तालुक्यातलं, त्यामुळं फार रागावली तर कानडीही यायची. पण भांडायची मात्र मराठीत, कारण शेजारणींना कळायला पाहिजे.

कापूस म्हटल्यावर उंदीर आले आणि उंदीर म्हटल्यावर मांजर आलं. आमच्याकडं मांजर लाडाला नव्हतं, कामाला होतं. तरी नमाजाच्या वेळी मांजर जानमाजवर पसरलेलं दिसलं, तर अम्मा त्याला उठवत नसे. शेजारी चटई टाकायची आणि म्हणायची, “बस बाई, तूच बस.”

एका लग्नसराईत एका बागायतदाराच्या मुलीच्या गाद्यांचं काम आलं होतं. कापूस त्यांचाच. अब्बांनी दोन दिवस खपून तो पिंजला, ढगासारखा फुलवून ठेवला. सकाळी बघतो तर आमची करडी मांजर त्या ढगाच्या मधोमध व्यालेली. अम्मानं कपाळावर हात मारला. अब्बा उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बाळंतीण हाय. सव्वा म्हयना हितनं हलवायची न्हाई.”

“आन् गाद्या काय हवेनं भरणार हाय का?”

“दुसरा कापूस आनतो.”

दुसरा कापूस काही झाडाला लटकत नव्हता. अब्बांनी बाजार समितीत कांद्याची पोती उचलली. पिंजण चालवणारा सडपातळ माणूस तो, संध्याकाळी घरी यायचे तेव्हा मान वाकडी झालेली असायची. नवरीची आई गाद्या बघायला आली, तेव्हा त्यांनी लपवाछपवी केली नाही. तिला ढिगाजवळ नेलं. तिनं पदर सावरून आत डोकावलं आणि हसली.

“आवं, मग राहू द्या की! माजी पोरगी बाळंतपणाला म्हायेरी यील, तवा मी काय तिला उठवून बसवणार हाय?”

दुसऱ्या दिवशी तिनं मांजरीसाठी म्हणून दूध पाठवलं. दूध मांजरीच्या नावानं आलं खरं, पण निम्मं आम्ही भावंडांनी प्यायलं. मांजरीनं तक्रार केली नाही.

पुढं फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजण खुंटीला गेलं. अब्बाही गेले. मी शिकले. आमच्या दोन्हीकडच्या नातलगांत पदवी घेतलेली मी पहिली, हे मी कुणालाही न विचारता सांगते. सांगलीला कॉलेज केलं, पुढं विश्रामबागेत एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली, आणि दोन खोल्यांचं घर घेऊन अम्माला घेऊन आले. पदवीचा फोटो तिनं दारासमोरच लावलाय. त्यात माझी टोपी तिरकी आहे. तो काढायला ती तयार नाही. म्हणते, “तिरकी तर तिरकी, घातलीस तरी तूच की.”

इथं मांजरांचं सुरू झालं ते पार्किंगमधल्या एका जखमी बोक्यापासून. त्याला डॉक्टरकडं नेलं, मागच्या गॅलरीत ठेवलं, बरा झाल्यावर एका दुकानदाराला दिला. मग लोकच यायला लागले. गटारीतलं पिल्लू, गाडीच्या इंजिनात शिरलेलं पिल्लू, हॉस्टेलच्या मुलींनी सुट्टीला जाताना सोडलेलं मांजर. आम्ही सांभाळायचो, चांगलं घर बघून द्यायचो. मला वाटायचं, हे सगळं मी करते. खरं तर घरी दिवसभर अम्मा असायची.

तर, आमच्या सोसायटीत एक काळी-पांढरी मांजर होती. रानटी. कुणाच्या हाताला लागायची नाही, कुणाच्या दारात जायची नाही. ती चेअरमनसाहेबांच्या पार्किंगमध्ये पडलेल्या जुन्या कूलरमध्ये व्याली. आतल्या वाळलेल्या गवतात तीन पिल्लं, नुकतेच डोळे उघडलेली. तिनं पिल्लांच्या काळजीनं चेअरमनांच्या पायावर पंजा मारला आणि प्रकरण बैठकीत गेलं.

चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले, शांत बोलणारे. शांतपणेच म्हणाले, “रविवारी माणूस सांगितलाय. पोत्यात घालून जत रोडला लांब सोडून येईल. मारणार नाही हो कुणी. एवढं मनाला लावून घेऊ नका.”

मी कायदा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अम्मा उभी राहिली.

“जत रोडला? आवं, माजं म्हायेर हाय तिकडं! उन्हाळ्यात मानसं ट्यांकरची वाट बघत बसत्यात. मांजरीला पानी कोन पाजनार? तुमी जानार का रोज बादली घिऊन?”

“चाची, पण इथं मुलं खेळतात—”

“आन् ती बाळंतीण हाय. सव्वा म्हयना झाल्याबिगर बाळंतिणीला घराबाहीर काडत्यात व्हय? कुटली रीत म्हनायची ही?”

बैठकीत हसू पसरलं. मागून चेअरमनांच्या पत्नीचा आवाज आला, “आपल्या सुनेला सव्वा महिना जिना उतरू दिला नव्हता तुम्ही. मलाच वर-खाली करायला लावलं.” मग तर बायका मोकळेपणी हसल्या. माझा कायदा पर्समध्येच राहिला.

चेअरमनांनी हात वर केले. “बरं. सव्वा महिना. त्याच्यापुढं एक दिवस नाही. मग ती दिसली की पोतं. आणि ह्या वेळी कुणी रीत काढायची नाही.”

म्हणजे सव्वा महिन्यात तीन पिल्लांना आणि त्या रानटी आईला घर मिळवून द्यायचं होतं. नाही तर जत रोड. पिल्लांचं मला अवघड वाटत नव्हतं. आईचं कुणाच्याही बापाला जमलं नसतं, असं सगळे म्हणत होते. ती आपल्याकडं आलीच तर दात दाखवायला यायची.

पिल्लं दूध सोडून खायला लागली, तशी मी मोबाइलवर फोटो टाकले. फोन यायला लागले. अम्मा म्हणाली, फोनवर द्यायची नाहीत, घर बघायचं. लोकांना ती घरी बोलवायची, चहा द्यायची आणि स्थळ बघायला बसावं तशी बसायची. दिवसा घरी कोण असतं? गच्चीला कठडा आहे का? गावाला गेलात तर कुणापाशी ठेवाल? एक जोडपं आलं, त्यांना गॅलरीला जाळी बसवायला लावली आणि मगच पिल्लू दिलं. एक गृहस्थ आले, त्यांना पांढरं पिल्लू हवं होतं. काळं अशुभ म्हणे. अम्मानं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं.

“तुमच्या घरात समदी गोरीच हायत व्हय?”

ते चहा न पिताच गेले. शेजारची बाई मला म्हणाली, “तुझ्यासाठी इतकी स्थळं नीट बघितली असती, तर आत्ता नातवंडं खेळली असती.” अम्मा आतून ओरडली, “बघितली होती की! हिनंच समद्यांना जाळी बसवायला सांगितली!”

तिन्ही पिल्लं उजवली. राहिली बाळंतीण. आम्ही तिला तेच म्हणायचो, नाव असं ठेवलंच नाही. तिला धरायला डॉक्टरांकडून आपोआप दार पडणारा पिंजरा आणला. आत सुकट ठेवली. मांजर येईपर्यंत सुकटीचा वास तळमजल्यावरच्या आजींपर्यंत गेला. त्या शुद्ध शाकाहारी. नाकाला पदर लावून रोज विचारायच्या, “सापडली का गं बया तुमची? लवकर सापडू दे.” मांजरीसाठी त्यांच्याइतकी मनापासून प्रार्थना कुणी केली नसेल. चौथ्या का पाचव्या दिवशी ती सापडली. परत पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन झालं, ते झालंय हे ओळखायला कानाचं टोक थोडं कापलं. मग ती आमच्या मागच्या गॅलरीत, मोठ्या पिंजऱ्यात, एका जुन्या पोत्यावर. आठवडाभर ती पोत्यावरून उठली नाही आणि आम्हाला फिसकारल्याशिवाय राहिली नाही. अम्मा पिंजऱ्याशेजारी बसून भाजी निवडायची आणि तिच्याशी बोलायची. ती फिसकारायची. अम्मा म्हणायची, “व्हय, व्हय, तुजंबी खरं हाय.”

मुदत संपायला थोडेच दिवस राहिले, तेव्हा आमच्या ऑफिसात एक निवृत्त सुभेदार नातीच्या प्रवेशासाठी आले. कृष्णाकाठचं गाव, उसाची शेती. माझ्या टेबलावरचा मांजराचा फोटो बघून त्यांनी विचारलं, “द्यायला हाय का एखादं? शेतातल्या घरात उंदरांनी ठिबकच्या नळ्या कुरतडून टाकल्यात. लाडाचं नको. कामाचं पायजे.”

मला खुर्चीवरून उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण अम्माचं बाकी होतं. रविवारी आम्ही दोघी स्कूटरवर त्यांच्या वस्तीवर गेलो. सुभेदार ताठ उभे, त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी वस्ती वैनी म्हणते, त्या हसतमुख. अम्मानं विहीर बघितली, कठडा हलवून बघितला. कुत्रं बघितलं, म्हातारं होतं. सैपाकघराला लागून असलेली औजारांची खोली बघितली. मग ओट्यावर बसून विचारलं, “उंदराला औषध टाकता?”

“टाकतो की. कोपऱ्या-कोपऱ्यात टाकलंय.”

“मग पोरगी द्यायची न्हाई.”

सुभेदारांना वाटलं, चेष्टा चाललीय. “आवं चाची, औषध उंदराला हाय.”

“आन् त्यो उंदीर कोन खानार? तुमी?”

वैनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सुभेदार उठले, खराटा घेतला आणि सगळे कोपरे स्वतः झाडले. सगळं औषध पिशवीत बांधून लोखंडी पेटीत कुलूपबंद केलं. किल्ली वैनींच्या हातात दिली. “ठरलं,” अम्मा म्हणाली.

मग घरात लग्नघाई सुरू झाली. अम्मानं किती वर्षांनी दाभण हातात घेतलं. बाजारातून नवा कापूस आणला, हातानं मोकळा केला, लाल खोळ शिवली, आत दाबून दाबून भरला, वर टाके घातले. वीतभर जाडीची, मांजराच्या मापाची गादी. मी कडेला झालर लावली. पिंजरा साबणानं घासून उन्हात वाळवला. जुन्या पोत्याला भयानक वास मारत होता, ते अम्मानं धुवायला म्हणून गच्चीवर टाकलं. “लेकीला जुन्या हांतरुनावर कोन पाठवतं?” ती म्हणाली. गादीवाल्याच्या घरातून मांजर चाललंय म्हटल्यावर मलाही ते अगदी पटलं. जाताना तळमजल्यावरच्या आजी बघायला आल्या. त्यांना फारच आनंद झालेला दिसला.

औजारांच्या खोलीत आम्ही पिंजरा ठेवला. काही आठवडे दार लावून ठेवायचं, खाणंपाणी आत द्यायचं, घराची सवय झाली की मोकळं सोडायचं, असं सगळं समजावून सांगितलं. तीन दिवसांनी वैनींचा फोन आला. रडवेला आवाज.

“पोरगी पळाली वो. पानी ठेवाया पिंजरा उगडला आन् माज्या हातावरनं उडी मारून गेली. खोलीचं दारबी उगडंच होतं. उसात घुसली.”

रजा टाकून आम्ही निघालो. वस्तीच्या तिन्ही बाजूंनी ऊस, डोक्याच्या वर गेलेला. सुभेदार बांधावर असे उभे, जणू त्यांच्या पहाऱ्यातून कैदी सुटलाय. त्यातून ऊसतोडीची टोळी येऊन ठेपलेली. दोन दिवसांत फड पडणार. कोयते, ट्रॅक्टर, टोळीची कुत्री. ती बिचकून एकदा लांब पळाली असती, तर परत ना घराची ना दाराची. अम्माचा चेहरा मी अब्बांच्या मयतीनंतर तसा पहिल्यांदाच बघितला. म्हणाली, “जत रोडला तरी काय वेगळं झालं असतं गं?”

वैनींनी चहा आणला. बोलता बोलता म्हणाल्या, “तशी ती तुमच्या गादीवर एकदाबी बसली न्हाई. कोपऱ्यात अंग चोरून बसायची, गजांना टेकून. गादी नवरीच्या शालूगत नवीकोरीच ऱ्हायली बघा.”

अम्मा बशी तोंडाशी नेता नेता थांबली.

“मला बी झोप न्हवती,” ती म्हणाली.

“काय?”

“लगीन हून लोणंदला आले तवा. गादीवाल्याच्या घरी पडले म्हनून समदी हसायची, गादीवर लोळनार म्हनं पोरगी. हिच्या अब्बांनी माज्यासाटी नवी गादी भरली होती. म्हयनाभर डोळ्याला डोळा न्हाई. माजी फाटकी वाकळ आईनं ठिऊन घेतली होती, फाटकी कशी द्यायची म्हनून. तिच्या वासाबिगर झोपच यीना.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “पोतं कुटं हाय?”

पोतं गच्चीवर होतं. धुवायचं राहिलं होतं, कारण चार दिवस नळाला पाणीच आलं नव्हतं. सांगलीच्या पाण्याला मी आयुष्यात एवढे आशीर्वाद कधी दिले नाहीत. स्कूटर काढली, जाऊन पोतं घेऊन आले. वाटेत सिग्नलला शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं नाक धरलं.

औजारांच्या खोलीचं दार उघडं ठेवून उंबऱ्याच्या आत पोतं पसरलं, शेजारी खाण्याची वाटी ठेवली. लाल गादी अम्मानं स्वतःच उचलून बाजूला ठेवली. सुभेदार टोळीच्या मुकादमाकडं गेले. आम्हाला बांधावरून ऐकू येत होतं.

“तोड पलीकडच्या अंगानं सुरू करा. घराकडची बाजू शेवटी.”

“का वो साहेब?”

“मांजर हाय आत.”

टोळीत हशा पिकला. एकजण ओरडला, “मांजरच हाय न्हवं साहेब? का बिबट्या हाय आन् आमास्नी सांगंना?”

“बिबट्या असता तर तुलाच फुडं घातला असता! पलीकडनं धर म्हटलं की पलीकडनं!”

त्यांनी पलीकडून धरलं. संध्याकाळपर्यंत आम्ही ओट्यावर बसलो, पण ती आली नाही. आम्ही परत आलो. चेअरमन जिन्यात भेटले. मुदतही सरली होती. मी म्हणाले, ती आता सोसायटीत नाही, उसात हरवलीय. ते किल्ल्या खुळखुळवत म्हणाले, “अरेरे. सापडली तर कळवा मला.” ते चेष्टेत म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वैनींनी कळवलं, पोत्याच्या मधोमध खळगा पडलाय आणि त्यात काळे-पांढरे केस. वाटीही रिकामी. म्हातारं कुत्रं तर पुढच्या दाराला बांधलेलं होतं, म्हणजे वाटी त्यानं संपवली नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशी, मी ऑफिसात असताना, सुभेदारांचाच फोन आला. इतक्या हळू बोलत होते की मला आधी कळेचना.

“पोरगी आलीय. पोत्यावर निजलीय. आमी दोगं सैपाकघरात अडकलोय, भाईर पडायची वाट तिच्याच म्होरनं हाय. तिला उठवायची न्हाई म्हनते ही. भांडं वाजंल म्हनून च्याबी झाला न्हाई अजून.”

मी ते ऑफिसात मोठ्यानं सांगितलं आणि मग घरी अम्माला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि फोन तसाच चालू ठेवून रडली. मग नाक पुसून म्हणाली, “त्येंना सांग, पोतं धुऊ नका.”

मी अजूनही मांजरं सांभाळते, घरं बघून देते, आणि प्रत्येकाबरोबर त्याचं जुनं, न धुतलेलं अंथरूण पाठवते. लोक नाक मुरडतात. मुरडोत. आमच्या सोसायटीतल्या उरलेल्या मांजरांची ऑपरेशनं बैठकीत ठरवून झाली, चेअरमनांनीच विषय मांडला. पोतं घेऊन माणूस काही आला नाही. आणि कुणाच्या हाताला न लागणारी ती काळी-पांढरी मांजर त्या वस्तीवर राहिली. ती अजूनही कुणाला हात लावू देत नाही. ठिबकच्या नळ्या शाबूत आहेत, औषध पेटीतून परत बाहेर आलं नाही. तिला घर मिळालं.